आजारी खूर, नालबंद आणि कोकणचा किनारा

अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्याकडे घोडागाडी ओढणारा किंवा काशीद आणि मुरुडच्या पुळणीवर पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरणारा घोडा एका दिवसात किती प्रकारच्या जमिनीवरून चालतो, याचा विचार आपण सहसा करत नाही. तबेल्यातील ओलसर माती, जांभ्याची खडबडीत पाखाडी, तापलेला डांबरी रस्ता, पाय रुतणारी सुकी वाळू, पाण्याच्या कडेची घट्ट ओली वाळू आणि खारे पाणी या सर्वांशी त्याच चार खुरांना जुळवून घ्यावे लागते. निरोगी खूर हे बहुधा निभावून नेतो. मात्र ज्या घोड्याचा तळवा पातळ आहे, टाचा खचल्या आहेत, भिंतीला भेग पडली आहे किंवा ज्याला एकदा लॅमिनायटिस (खुराच्या आतल्या पापुद्र्यांना सूज येण्याचा आजार) होऊन गेला आहे, त्याला तयार नाल आणून खिळ्यांनी ठोकणे पुरेसे होत नाही. अशा घोड्यासाठी नालबंद नेमके काय करतो, का करतो आणि मालकाने त्याच्याकडून कशाची अपेक्षा ठेवावी, हे येथे समजून घ्यायचे आहे.

‘खास नाल’ बसवली की खुराचा आजार बरा होतो, ही समजूत घोडेवाल्यांमध्ये चांगलीच रुजलेली आहे आणि ती बाजूला ठेवल्याशिवाय पुढचे काही नीट कळणार नाही. नाल कोणत्याही आकाराची किंवा किमतीची असो, तिचे काम ठरलेले असते: दुखऱ्या भागावर पडणारे वजन काढून ते सोसू शकणाऱ्या भागावर नेणे. कोणता भाग दुखरा आणि कोणता समर्थ हे आधी ठरले नसेल, तर महागड्या नालेचाही उपयोग होत नाही, उलट अपायच होण्याची शक्यता असते. त्यामुळे या कामातील खरे कौशल्य हातोडी उचलण्यापूर्वीच दिसते.

खुराच्या आत काय असते

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, म्हणजे आपल्या हाताच्या मधल्या बोटाशी जुळणाऱ्या बोटाच्या टोकावर उभा असतो. त्या बोटाच्या शेवटच्या हाडाभोवती जे जाड शिंगासारखे आवरण असते, त्यालाच आपण खूर म्हणतो. बाहेरून दिसते ती खुराची भिंत. पाय उचलून पाहिल्यास तळाशी किंचित खोलगट तळवा दिसतो आणि टाचेकडून पुढे निमुळता होत जाणारा, रबरासारखा लवचिक त्रिकोणी भाग दिसतो, त्याला पुतळी म्हणतात. भिंत आणि तळवा जेथे जुळतात, तेथे एक फिकट कड असते, तिला पांढरी रेषा म्हणतात. नालेचे खिळे या रेषेच्या बाहेरूनच वर जायला हवेत, कारण तिच्या आतल्या बाजूला जिवंत, संवेदनशील ऊती असतात.

आतील हाड तळव्यावर नुसते टेकलेले नसते, ते भिंतीच्या आतल्या बाजूला टांगलेले असते. हाडाच्या बाजूचे आणि भिंतीच्या बाजूचे सुमारे 550 ते 600 उभे पापुद्रे एकमेकांत गुंतलेले असतात आणि त्या प्रत्येकावर आणखी शेकडो सूक्ष्म पापुद्रे असतात. दोन वह्यांची पाने एकाआड एक अडकवून त्या ओढून पाहिल्या, तर त्या सहजासहजी सुटत नाहीत. तीच युक्ती येथे निसर्गाने वापरली आहे. शरीराच्या वजनाचा सुमारे 60 टक्के भार पुढच्या दोन पायांवर असल्यामुळे हे बंधन कमकुवत झाले की बहुधा पुढचे पाय आधी दुखू लागतात.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पाऊल टेकले की खुराची टाच किंचित फाकते आणि उचलले की मिटते, आणि या हालचालीमुळे खुरातील रक्ताभिसरणाला मदत होते. म्हणूनच जाणकार नालबंद खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे शक्यतो खिळा मारत नाही. दुसरी गोष्ट वाढीच्या वेगाची. भिंत महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते, म्हणजे टोकाकडची भिंत खुराच्या वरच्या, केसांच्या कडेपासून जमिनीपर्यंत संपूर्ण नवी व्हायला 9 ते 12 महिने लागतात. टाचेची भिंत आखूड असल्याने तेथे हे काम निम्म्या काळात होते. खुराच्या आजारात ‘महिन्याभरात फरक पडेल’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे थोडे साशंकतेनेच पाहावे.

नालेपूर्वीचे काम

चांगला नालबंद आल्याआल्या पाय उचलत नाही. तो घोड्याला सपाट, कठीण जागेवर सरळ चालवतो, परत फिरवतो आणि पाऊल कसे टेकते हे पाहतो. टाच आधी टेकते की टोक, आतली कड आधी की बाहेरची, वळताना घोडा कोणता पाय वाचवतो, डोके कोणत्या पावलाला वर जाते, या प्रत्येक गोष्टीतून त्याला काही कळते. जुनी नाल काढल्यावर ती फेकून न देता तो उलटसुलट करून पाहतो, कारण नाल ज्या बाजूने झिजली त्या बाजूवर भार जास्त पडत होता. नंतर तो खूर दाबून पाहण्याच्या चिमट्याने तळव्यावर, पुतळीवर आणि टाचेवर टप्प्याटप्प्याने दाब देतो आणि घोडा नेमका कोठे पाय ओढून घेतो ते ठरवतो.

आजार खोलवरचा असेल तर एवढ्यावर भागत नाही. बाजूने काढलेल्या क्ष-किरण चित्रात आतील हाड भिंतीशी समांतर आहे की फिरले आहे आणि हाडाखाली तळवा किती जाड उरला आहे, हे मोजता येते. मध्यम आकाराच्या घोड्यात ही जाडी साधारण 15 मिलिमीटर असावी. ती 10 मिलिमीटरच्या खाली गेली असेल तर चाकू लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा लागतो. किनाऱ्यावरच्या गावात असे यंत्र जवळपास मिळेलच असे नाही. मात्र हलवता येण्याजोगी यंत्रे आता पशुवैद्यांकडे असतात, आणि परळच्या 1886 साली स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी मार्गदर्शन घेता येते. रायगडमधील मालकांना ते फार दूरही नाही. चित्रासाठी होणारा खर्च अनेकांना अनाठायी वाटतो, परंतु अंदाजाने तासलेला तळवा भरून यायला लागणारे महिने आणि त्या काळात बुडणारी कमाई मोजली, तर तो खर्च स्वस्तच पडतो.

लॅमिनायटिस

खुरांच्या आजारांत सर्वांत गंभीर आणि सर्वांत चुकीचा समजला जाणारा आजार हाच. वर सांगितलेल्या पापुद्र्यांना सूज येते, त्यांची पकड सुटू लागते आणि वजनाखाली हाड भिंतीपासून फिरते किंवा सरळ खाली खचते. हाडाच्या टोकाने तळव्याला भोक पडण्यापर्यंत पाळी जाऊ शकते. घोडा पुढचे पाय पुढे ताणून, वजन मागच्या पायांवर टाकून उभा राहतो, वळायला नकार देतो, खूर हाताला गरम लागतो आणि खुराच्या वर मागच्या बाजूला बोटे ठेवली की नाडी ठोके देताना स्पष्ट जाणवते.

दुखणे खुरात दिसत असले तरी त्याचे मूळ बहुधा खुरात नसते. धान्याचा अतिरेक, पोटाचा किंवा आतड्याचा गंभीर विकार, घोडी व्यायल्यानंतर वार न पडणे, रक्तातील इन्सुलिनचे प्रमाण सतत वाढलेले असणे, वृद्ध घोड्यांमधील पिट्युटरी ग्रंथीचा विकार, आणि एक पाय जायबंदी झाल्यामुळे दुसऱ्या पायावर दिवसेंदिवस पडणारा जादा भार ही त्याची परिचित कारणे आहेत. पर्यटनाच्या हंगामात किनाऱ्यावरच्या घोड्याला लोक प्रेमाने पाव, बिस्किटे, गूळ आणि हॉटेलातला उरलेला भात चारतात. हे प्रेम घोड्याला महागात पडते, आणि मालकाने येथे थोडे कडू होऊन पर्यटकांना स्पष्ट नकार द्यावा, असे माझे मत आहे. कारण दूर झाले नाही, तर जगातला सर्वोत्तम नालबंदही या घोड्याला वाचवू शकत नाही.

पहिल्या काही तासांत पशुवैद्याला बोलावणे आणि त्याच्या सल्ल्याने खूर व त्यावरचा पाय बर्फाच्या पाण्यात सतत थंड ठेवणे महत्त्वाचे असते. संसर्गातून किंवा धान्याच्या अतिरेकातून येणाऱ्या प्रकारात याचा उपयोग विशेष होतो. येथे कोकणाची एक सोय कामाला येते: रेवदंडा, हर्णे, मिरकरवाडा यांसारख्या मासळीच्या बंदरांजवळ बर्फ मुबलक मिळतो. या अवस्थेत खिळे ठोकणे टाळावे, कारण हातोडीचा प्रत्येक घाव सुजलेल्या पापुद्र्यांना जाणवतो. असलेली नाल काढायची असेल तर खिळ्यांची टोके कानशीने घासून खिळे एकेक करून सोडवावे लागतात, नाल एकदम उपटायची नसते. खुराखाली जाड फोम किंवा रबराचा तुकडा पट्टीने बांधावा आणि घोड्याला खोल, भुसभुशीत वाळूवर उभे करावे. वाळू तळव्याच्या खोलगट भागात शिरून पुतळीला आणि मागच्या अर्ध्या खुराला आधार देते, आणि आपल्याला कोणत्या कोनात कमी दुखते हे घोडा स्वतःच शोधून काढतो. मात्र ही वाळू पुळणीवरून भरून आणायची नाही, कारण किनारा नियमन क्षेत्रात वाळू काढण्याला बंदी आहे. तसेच चारा वाळूवर टाकायचा नाही, कारण चाऱ्याबरोबर पोटात जाणारी वाळू आतड्यात साचून पोटशूळ निर्माण करते. चाऱ्यासाठी उथळ टोपले किंवा खाली घट्ट चटई वापरावी.

दुखणे आटोक्यात आल्यावर नालबंदाचे मोठे काम सुरू होते. खुराचे टोक लांब असले की पाऊल उचलताना ते तरफेप्रमाणे काम करते आणि सैल झालेली भिंत हाडापासून आणखी ओढते, त्यामुळे क्ष-किरण चित्र समोर ठेवून टोक मागे आणावे लागते. टाच अशा बेताने तासायची असते की हाडाचा तळ पुन्हा जमिनीशी योग्य कोन करील. मग भार मागच्या अर्ध्या खुरावर नेण्यासाठी काय वापरायचे ते ठरते. पुतळीवर टेकणारी, हृदयाच्या आकाराची पट्टी असलेली नाल, टोक मोकळे सोडणारी उलटी बसवलेली नाल, कडा गोलाकार केलेला लाकडी तुकडा किंवा तळव्याखाली भरण्याचे मऊ सिलिकॉन, हे सर्व पर्याय एकाच हेतूने वापरले जातात. यांपैकी हृदयाकृती नाल दिसायला सोपी आणि बसवायला सर्वांत अवघड असते: पट्टी काही मिलिमीटर चुकली की पुतळीवर दाब येऊन घोडा अधिकच लंगडतो. ज्याने ती पूर्वी बसवलेली नाही, त्याने पहिला प्रयोग आजारी घोड्यावर करू नये.

पुढे वाट पाहणे असते. केसांच्या कडेखालून जी नवी भिंत उतरते ती हाडाशी घट्ट जुळलेली आहे का, हे दर चार-पाच आठवड्यांनी पाहायचे आणि त्याप्रमाणे तासायचे. नवी भिंत जमिनीला टेकेपर्यंत हे चालते.

लांब टोक, खचलेली टाच

किनाऱ्यावर गाडी ओढणाऱ्या घोड्यांमध्ये लॅमिनायटिसपेक्षा कितीतरी अधिक दिसावी अशी, आणि तरीही दुर्लक्षित राहणारी अवस्था ही आहे. नाल दोन-तीन महिने तशीच राहिली की टोक पुढे पळते आणि टाच चिरडली जाऊन पुढे सरकते. खुराच्या वरचा तिरपा भाग, ज्याला पशुवैद्य पॅस्टर्न म्हणतात, तो आणि खुराचा पुढचा पृष्ठभाग बाजूने पाहिल्यास एका सरळ रेषेत दिसायला हवेत. येथे ती रेषा मागे मोडलेली दिसते. टाचेचा कोन टोकाच्या कोनापेक्षा 5 अंशांहून अधिक कमी असेल, तर टाच खचली असे समजतात. यामुळे पायाच्या मागून उतरणाऱ्या खोल स्नायुबंधावर आणि त्याखालच्या होडीच्या आकाराच्या छोट्या नेव्हिक्युलर हाडावर ताण वाढतो. घोडा आखूड पावले टाकतो, टोक आधी टेकवतो, ठेचकाळतो आणि उभा असताना एक पाय पुढे ठेवून विसावा घेतो. ‘घोडा आळशी झाला’ असे ज्याला म्हणतात, ते पुष्कळदा हेच असते.

यावरचा इलाज कंटाळवाणा वाटावा इतका साधा आहे. दर चार ते पाच आठवड्यांनी थोडे थोडे टोक मागे घ्यायचे, टाच चिरडली जाणार नाही एवढी नाल मागे न्यायची आणि पाऊल सहज उलटावे म्हणून नालेचे टोक गोलसर करायचे. टाच उंचावण्यासाठी पाचरीच्या आकाराचा पॅड घालतात, त्याने आराम लगेच मिळतो. परंतु कायम ठेवल्यास तोच पॅड दुबळ्या टाचेला आणखी चिरडतो, म्हणून तो कुबडीप्रमाणे तात्पुरताच वापरावा. मागे जोडलेली अंडाकृती नाल टाचेला चांगला आधार देते. पण ती खुराच्या मागे थोडी बाहेर येत असल्यामुळे भुसभुशीत वाळूत चालताना मागच्या पायाखाली येऊन उपटली जाऊ शकते, आणि ओल्या वाळूत किंवा चिखलात ती चिकटून ओढली जाते. परदेशी चित्रफितीत पाहिलेली नाल जशीच्या तशी मुरुडच्या पुळणीवर चालेलच असे नाही. अशी नाल घातलेल्या घोड्याला काही आठवडे वाळूवर न नेण्याची तयारी मालकाची नसेल, तर नालबंदाने दुसरा पर्याय निवडणेच शहाणपणाचे ठरते.

पावसाळ्याचे चार महिने

कोकण किनाऱ्यावर वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर या काळात. याच काळात पर्यटक कमी होतात, कमाई आटते आणि जो खर्च सर्वांत आधी पुढे ढकलला जातो, त्यात नालबंदाची फेरी असते. घोडा उभाच असल्याने खूर झिजत नाही, वाढ मात्र थांबत नाही. दिवसरात्र ओलीत राहिलेले खुराचे शिंग (म्हणजे शिंगासारखे आवरण) मऊ होते, खिळ्यांची भोके मोठी होतात आणि मूत्र-शेणाच्या चिखलात जंतूंना आयते घर मिळते. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होताना जे खूर नालबंदापुढे येतात, त्यांची अर्धी दुरवस्था या चार महिन्यांतली असते.

पुतळीच्या बाजूच्या खाचांमध्ये काळसर, घाण वासाचा स्राव दिसू लागला की ती कुजायला लागली आहे असे समजावे. हवा न लागणाऱ्या जागी वाढणारे जिवाणू त्याला कारण असतात, म्हणून नालबंद लोंबणारे, कुजलेले तुकडे काढून खाच उघडी करतो आणि ती स्वच्छ व कोरडी राहील अशी व्यवस्था सांगतो. सुपारीच्या बागांवर बोर्डो मिश्रण फवारणाऱ्या कोकणी घरात त्या मिश्रणासाठी लागणारे मोरचूद (कॉपर सल्फेट) असतेच, आणि सौम्य प्रमाणात ते येथेही वापरले जाते. परंतु तीव्र द्रावण जिवंत ऊतींना जाळते, त्यामुळे प्रमाण पशुवैद्याला विचारूनच ठरवावे. गाडीतले जळके ऑइल फासण्याची पद्धत मात्र पूर्ण बंद व्हायला हवी. त्याने घाण आत कोंडली जाते.

पांढऱ्या रेषेतून जंतू आणि बुरशी वर चढू लागली की भिंत आतून पोकळ होत जाते. बाहेरून ती धड दिसते, पण हातोडीने हलके ठोकल्यावर पोकळ आवाज येतो आणि तळाशी वाळूचे कण घट्ट बसलेले आढळतात. औषध वरून कितीही लावले तरी ते आत पोचत नाही. सुटी झालेली भिंत कापून तो भाग हवेला खुला करणे हाच उपाय असतो. भिंतीचा मोठा भाग काढावा लागला तर उरलेल्या भागावर भार पेलणारी नाल बेतावी लागते आणि दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा साफसफाई करावी लागते. हे दिसायला भयंकर असते. मालक घाबरून नालबंदालाच दोष देतात, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आणि नंतर फोटो काढून ठेवणे दोघांच्याही हिताचे.

काल धड असलेला घोडा आज एकदम तीन पायांवर आला, तर पाय मोडल्याची भीती वाटते, पण पुष्कळदा खुरात पू झालेला असतो. चिमट्याने जागा सापडल्यावर पांढऱ्या रेषेजवळ लहानशी वाट करून पू बाहेर काढला की घोड्याला लवकरच आराम पडतो. येथे तळव्याला मोठे भोक पाडण्याचा मोह टाळायचा असतो, कारण पू गेल्यावरही ते भोक भरायला आठवडे लागतात. नंतर कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट घालून शेक, त्यावर शोषक पट्टी आणि वर पाणी न शिरणारी चिकटपट्टी असा क्रम असतो. लहान मुलांचे डायपर या पट्टीसाठी फार सोयीचे पडते.

ज्या निरोगी घोड्याला पावसाळ्यात काम नाही, त्याच्या नाला काढून खूर तासून त्याला अनवाणी ठेवणे मला अधिक योग्य वाटते. जुन्या खिळ्यांची भोके खाली उतरतात आणि टाचेला फाकायला मोकळीक मिळते. पातळ तळव्याच्या घोड्याला मात्र हे चालणार नाही, कारण जांभ्याचे खडे त्याला सोसवत नाहीत. त्याच्यासाठी रबरी खूरबूट घेता येतात, आणि ते रात्री काढून वाळवावे लागतात.

किनाऱ्याची खास अडचण

समुद्रात फिरून आलेल्या घोड्याचे खूर गोड्या पाण्याने धुवून खाचांमधील वाळू काढणे, हे मोतद्दाराचे, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याचे, रोजचे काम असायला हवे. खाऱ्या पाण्याने आणि नंतरच्या कडक उन्हाने खूर फुगतो आणि आक्रसतो, आणि त्यातून बारीक चिरा पडतात. लोखंडी खिळ्यांना गंज लवकर धरतो, त्यांची डोकी झिजतात आणि नाल हलू लागते. अ‍ॅल्युमिनियमची नाल हलकी म्हणून आजारी खुराला पसंत केली जाते, परंतु पोलादी खिळा आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की खिळ्याभोवतीचे अ‍ॅल्युमिनियम वेगाने झिजते. तळव्याखाली पॅड घातला असेल तर त्याखाली वाळू शिरून तीच दाब देऊ लागते, म्हणून आतली पोकळी सिलिकॉनने पूर्ण भरावी लागते आणि फेरी लवकर करावी लागते.

ज्या खुराची भिंत खिळा धरू शकत नाही, त्याला नाल गोंदाने चिकटवता येते. हे तंत्र उत्तम आहे, पण ते कोरड्या खुरावरच चालते. जुलैच्या हवेत चिकटवलेली नाल टिकवायची असेल, तर घोडा आदल्या रात्रीपासून कोरड्या जागी ठेवणे, खुराचा पृष्ठभाग कानशीने खरवडणे, गरम हवेने वाळवणे आणि गोंद पूर्ण घट्ट होईपर्यंत पाय न टेकू देणे ही सर्व पथ्ये पाळावी लागतात. शक्य असल्यास हे काम मे महिन्यात उरकावे.

भिंतीला पडलेल्या उभ्या भेगांबद्दल एवढेच सांगता येईल की भेग भरून टाकण्यापूर्वी ती का पडली ते शोधावे. बहुतेक वेळा खुराची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त भार घेत असते. भेगेखालची कड तासून जमिनीपासून किंचित वर ठेवली आणि तोल सुधारला, तर नवी भिंत अखंड उतरते. आहाराचाही वाटा असतो: नुसत्या भाताच्या पेंढ्यावर वाढलेल्या घोड्याचे शिंग चांगले निघणे कठीण. रोज 15 ते 20 मिलिग्रॅम बायोटिन दिल्याने शिंगाचा दर्जा सुधारतो असे आढळले आहे, पण ते निदान सहा ते नऊ महिने द्यावे लागते आणि सुधारणा फक्त नव्याने उतरणाऱ्या भागात दिसते.

शिंगरांच्या बाबतीत वेळ फार थोडा असतो. खुराच्या वरच्या मोठ्या सांध्याजवळची हाडाची वाढ पहिल्या तीनेक महिन्यांतच बरीचशी आटोपते, त्यामुळे वाकडेपणा किंवा उभट खूर दिसताच, म्हणजे पहिल्या एक-दोन महिन्यांतच, नालबंद आणि पशुवैद्य यांनी एकत्र पाहावे. वृद्ध घोड्यांची अडचण वेगळी: सांधे दुखत असल्यामुळे त्यांना पाय उंच धरून उभे राहता येत नाही. पाय खाली धरून, मध्येमध्ये टेकू देऊन, काम दोन दिवसांत वाटून करणारा नालबंद हा वेळकाढू नसून जाणकार असतो.

नालबंद आणि पशुवैद्य

दोघांच्या कामाची सीमा स्पष्ट असावी. निदान करणे, इंजेक्शन देणे, भूल देणे, शस्त्रक्रिया करणे हे नोंदणीकृत पशुवैद्याचे काम आहे. 1984 च्या भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायद्यानेही ते तसेच ठरवलेले आहे. भार कसा वळवायचा, खूर किती तासायचा, नाल कशी घडवायची यात नालबंदाचा शब्द मोलाचा मानावा. मालकाने दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावून एकाचा निरोप दुसऱ्याला सांगण्यापेक्षा त्यांना एकाच वेळी घोड्यापाशी उभे करावे. अनुभवी नालबंद पुणे-मुंबईहून येणार असेल, तर एका गावातील पाच-सहा मालकांनी मिळून फेरी ठरवली की प्रवासखर्च वाटला जातो. प्रत्येक भेटीच्या वेळी खूर समोरून, बाजूने आणि तळाकडून, मोबाइल जमिनीलगत धरून टिपला आणि तारीख लिहून ठेवली, तर पुढच्या भेटीत वाद घालण्याऐवजी तुलना करता येते. पहिल्याच भेटीत खूर ‘सुंदर’ करून देणाऱ्यापेक्षा, थोडेच तासून पाच आठवड्यांनी परत येतो म्हणणारा अधिक विश्वासार्ह समजावा. खिळा चुकून जिवंत भागाला लागला, तर तो काढून, भोक जंतुनाशकाने धुवून मालकाला तसे सांगणारा नालबंदही तितकाच विश्वासार्ह. लपवणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये.

किनाऱ्यावर एक प्रसंग मात्र असा येतो की त्या वेळी दोघांपैकी कोणीच जवळ नसते. फुटकी बाटली, कालवांची धारदार कवचे किंवा होडीच्या लाकडातला गंजका खिळा खुराच्या तळातून आत घुसतो. अशा वेळी खिळा लगेच उपटू नये. तो पुतळीत किंवा तिच्या आसपास शिरला असेल, तर त्याच्या टोकाशी सांधा किंवा नेव्हिक्युलर हाड असू शकते, आणि खिळा जागेवर असताना काढलेल्या क्ष-किरण चित्रातच तो किती खोल गेला ते कळते. घोड्याला चालवू नये, खुराला जाड पट्टी बांधून खिळ्यावर वजन पडणार नाही असे करावे. पाय टेकल्यावर खिळा आणखी आत जाणारच असेल आणि काढण्यावाचून गत्यंतर नसेल, तर आधी फोटो घ्यावा, काढल्यावर आत गेलेली लांबी मोजावी, दिशा लक्षात ठेवावी आणि खिळा जपून ठेवावा. धनुर्वाताचा धोका घोड्याला फार मोठा असतो, म्हणून त्या लसीची शेवटची तारीख तबेल्यात लिहून ठेवावी आणि पशुवैद्याला फोन करताना ती पहिल्यांदा सांगावी.